पिंच ऑफ सॉल्ट: मीठ कोणाच्या हातात आहे ते आधी बघा

माझा क्लास मिरजेत किल्ला भागात, एका जुन्या घराच्या माडीवर भरतो. संध्याकाळी साडेसहा ते आठ. येणाऱ्या बहुतेक मुली नर्सिंग झालेल्या. दिवसपाळी संपवून तशाच येतात, कुणाच्या पायात अजून ड्युटीचे पांढरे बूट असतात. मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे इंग्रजी शिकायला नर्सच जास्त. कुणाला दुबईला जायचं असतं, कुणाला आयर्लंडला, कुणाला इंग्लंडला. अकरा वर्षं मी हेच करते आहे.

तीन वर्षांपूर्वी रात्री एकच्या पुढे फोन वाजला. जत तालुक्यातली माझी एक विद्यार्थिनी, इंग्लंडमधल्या हॉस्पिटलात रुजू होऊन तिला तीन आठवडे झाले होते. ड्युटी संपवून खोलीवर आली आणि पहिला फोन मला. म्हणाली, "मॅडम, आज हँडओव्हरला मिठाचं काहीतरी बोलल्या आणि मला कळलंच नाही."

झालं असं होतं. ड्युटी बदलताना सिनिअर सिस्टरने सांगितलं की सहा नंबरच्या पेशंटचं बीपी 178/96 आलंय, आणि पुढे जोडलं, 'बट टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट, द कफ वॉज टू स्मॉल.' आता बीपीचा पेशंट आणि मीठ हे दोन शब्द एकत्र आले की कुठल्याही नर्सच्या डोक्यात काय येणार? पथ्य. तिला वाटलं पेशंटच्या मिठाबद्दल काही सूचना आहे. तिने शहाणपणा एवढा केला की अंदाजाने काही न करता सरळ विचारलं, 'सॉरी सिस्टर, इज धिस अबाउट हिज डाएट?' सिस्टरने तिला बाजूला घेऊन समजावलं: कफ, म्हणजे बीपी घेताना दंडाला बांधतात तो पट्टा, दंडाच्या मानाने लहान पडला की बीपी असतं त्यापेक्षा जास्त दिसतं, म्हणून तो आकडा जसाच्या तसा धरू नकोस, मोठा कफ लावून पुन्हा बघ. तिने पुन्हा घेतलं. 146 आलं.

फोन ठेवण्याआधी ती जे म्हणाली ते माझ्या मनातून गेलं नाही. "मॅडम, तुमच्या यादीत होतं हे. मला पाठ होतं. 'संशयाने पाहणे.' पण समोर आलं तेव्हा ओळखूच आलं नाही."

चूक माझी होती. मी शंभर वाक्प्रचारांची यादी लिहून द्यायचे, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठीत एक ओळ. त्या उजवीकडच्या ओळीने घात केला. त्यानंतर यादी बंद केली. आता एका संध्याकाळी एकच वाक्प्रचार घेते, आणि मिठाची संध्याकाळ सगळ्यात आधी येते. ती इथे लिहून काढते आहे, म्हणजे मिरजेत येऊ न शकणाऱ्यांनाही वापरता येईल.

आधी अर्थ, आणि तो पुरा

'टेक समथिंग विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' म्हणजे: जे सांगितलं गेलं ते ऐका, पण सोळा आणे खरं धरून चालू नका. त्यातलं काही वजा करा.

यात तीन गोष्टी असतात. कुणीतरी काही सांगितलेलं असतं, किंवा यंत्राने, अहवालाने, बातमीने काही दाखवलेलं असतं. ते पूर्ण खरं न मानायला काही कारण असतं. आणि तरीही ऐकणारा ते फेकून देत नाही, कारण त्यात तथ्य असू शकतं. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त हुकते. आपण 'संशय' म्हटलं की मराठीत तो माणसावर जातो. 'मी तुझ्यावर संशय घेतला' यात आरोप आहे. पिंच ऑफ सॉल्टमध्ये आरोप असायलाच हवा असं नाही. कफ लहान होता, यात कुणाचा खोटेपणा नव्हता. आकडा कच्चा होता, इतकंच. म्हणून 'संशयाने पाहणे' हा अर्थ मी आता लिहून देत नाही. मी म्हणते, 'थोडं हातचं राखून खरं मानणे'.

मराठी मीठ आड येतं

ही अडचण आपल्याकडच्या मुलांना जास्त येते आणि त्याचं कारण आपल्याच भाषेत आहे. आपल्याकडे मिठाचे वाक्प्रचार पुष्कळ, आणि त्यातला जो सगळ्यात जवळचा वाटतो तो नेमका उलट्या दिशेचा.

'तिखटमीठ लावून सांगणे' घ्या. गोष्ट एवढीशी असते, सांगणारा तिला तिखटमीठ लावतो आणि ती फुगते. हातभर लाकूड, दहा हात ढलपी. म्हणजे आपल्याकडे मीठ बोलणाऱ्याच्या हातात आहे आणि त्याने गोष्ट वाढते. इंग्रजीत मीठ ऐकणाऱ्याच्या हातात आहे आणि त्याने गोष्ट आटते. एकाने तिखटमीठ लावून सांगितलं तर दुसऱ्याने ते पिंच ऑफ सॉल्टने घ्यायचं, असा दोन्हींचा मेळ बसतो. वर्गात मी हे फळ्यावर दोन माणसं काढून दाखवते, एकाच्या हातात वाटी बोलताना, दुसऱ्याच्या हातात ऐकताना. तेवढ्या एका चित्राने जे काम होतं ते दहा व्याख्यांनी होत नाही.

अमेरिकेत 'पिंच'च्या जागी 'ग्रेन' म्हणतात, 'विथ अ ग्रेन ऑफ सॉल्ट'. अर्थात काडीचा फरक नाही. पण 'ग्रेन' म्हटलं की आपल्या कानात 'मिठाचा खडा' वाजतो, आणि दुधात मिठाचा खडा पडला म्हणजे चांगल्या गोष्टीचा नाश झाला. माझ्या एका विद्यार्थ्याने एका अमेरिकन कंपनीच्या मुलाखतीची तयारी करताना वाक्य केलं होतं: 'ही केम टू द मीटिंग लाइक अ ग्रेन ऑफ सॉल्ट.' त्याला म्हणायचं होतं की त्याने येऊन सगळ्याचा विचका केला. मराठी म्हणून कल्पना सुंदर. इंग्रजीत त्याचा काहीच अर्थ होत नाही.

'मिठाची गुळणी धरून बसणे' म्हणजे तोंडातून चकार शब्द न काढणे, त्याचाही इथे संबंध नाही. 'जखमेवर मीठ चोळणे' मात्र इंग्रजीतही जवळजवळ तसंच आहे, 'रब सॉल्ट इन द वूंड'. आणि 'खाल्ल्या मिठाला जागणे' याच्या आसपास 'वर्थ हिज सॉल्ट' येतं, पण तिथे निष्ठेपेक्षा कामातला दम जास्त मोजतात: 'एनी नर्स वर्थ हर सॉल्ट वुड चेक द कफ.' कामाची जाण असलेली कुठलीही नर्स कफ बघेलच.

हे मीठ आलं कुठून

मुली हमखास विचारतात, आणि हा भाग मला स्वतःला फार आवडतो, कारण याचा उगम औषधाच्या नुसख्यात आहे असं मानतात.

काळ्या समुद्राच्या दक्षिण काठावर, आजच्या उत्तर तुर्कस्तानात, पाँटस नावाचं राज्य होतं. तिथला राजा सहावा मिथ्रिडेटीस. रोमशी त्याने वर्षानुवर्षं युद्ध केलं आणि इ.स.पू. 63 मध्ये तो मेला. विषप्रयोगाची त्याला कायम धास्ती, म्हणून विषावर उतारे शोधण्यात आयुष्य घालवलं. त्याचा पराभव झाल्यावर रोमन सेनापती पाँपी याला राजाच्या खाजगी कागदांत, राजाच्याच हस्ताक्षरात लिहिलेला एक उतारा सापडला, असं थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. प्लिनीचा निसर्गाचा ज्ञानकोश 37 भागांचा, साधारण इ.स. 77 चा. दोनच वर्षांनी, 79 मध्ये, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात तो गेला.

नुसखा असा: दोन सुके अक्रोड, दोन अंजीर, सतापीची वीस पानं, एकत्र वाटायची, 'एक मिठाचा कण घालून'. अनशापोटी जो हे घेईल त्याला त्या दिवशी कुठलंही विष बाधणार नाही. सताप म्हणजे तीच, आपल्याकडे परसात कुंडीत लावतात ती उग्र वासाची. वर्गात एका मुलीने घरून दोन पानं आणली होती, बोटांत चुरडल्यावर आठवडाभर वहीला वास येत होता. (हा उतारा कुणी करून बघू नये, हे मी दरवेळी स्पष्ट सांगते.)

तर त्या नुसख्यातलं मीठ खरंखुरं मीठ होतं. त्याला 'सावधपणे मानणे' हा अर्थ पुष्कळ नंतर चिकटला. इंग्रजीत 'ग्रेन ऑफ सॉल्ट' या अर्थाने सतराव्या शतकापासून येतं, 'पिंच' त्यामागून आलं आणि ब्रिटनमध्ये रुळलं. विषावरच्या उताऱ्यात मीठ होतं, म्हणून घातक बोलणंही मिठाबरोबर घेतलं की बाधत नाही, असं एक स्पष्टीकरण देतात. दुसरं असं की मिठाने बेचव घासही गिळता येतो. मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. लॅटिनमध्ये 'साल' म्हणजे मीठ, आणि त्याच शब्दाचा अर्थ चातुर्य, बोलण्यातली चमक असाही होता. हे आपल्याला समजायला जड नाही, आपला 'लावण्य' शब्दही 'लवण'पासूनच आला. मिठाचा कण म्हणजे अकलेचा कण असं धरलं तर वाक्प्रचार आपोआप उलगडतो: ऐक, पण थोडी अक्कल लावून ऐक.

वाक्य कसं बांधायचं

क्रियापद 'टेक'. कधी 'ट्रीट'ही चालतं. जे सांगितलं गेलं ते मध्ये बसतं आणि मीठ शेवटी येतं.

'टेक हिज स्टोरी विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.' 'आय टेक एव्हरीथिंग ही सेज विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.' बातम्यांत आणि अहवालांत कर्मणी रूप जास्त दिसतं: 'दीज फिगर्स शुड बी टेकन विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.'

'अ' सोडू नका. मराठीत उपपद नसल्यामुळे तोंडातून 'विथ पिंच ऑफ सॉल्ट' निघतं आणि ऐकणाऱ्याला ते लगेच टोचतं. 'सॉल्ट्स' करू नका. 'माय पिंच ऑफ सॉल्ट' नको. 'ईट' किंवा 'ॲड' लावलं तर ते स्वयंपाकघरातलं मीठ होतं. आणि मध्ये 'बाय' घालू नका, 'विथ'च.

उच्चारात एक बारीक गोष्ट. मराठीत च दोन आहेत, 'चमचा'तला आणि 'चिमूट'मधला. 'पिंच'मधला च चिमटीतला. 'ऑफ' जवळजवळ गिळायचा, जोर 'पिंच'वर आणि 'सॉल्ट'वर. चारही शब्द सुटे सुटे, सारख्या जोराने म्हटले की पाठ केलेलं ओळखू येतं.

नकारात फसगत होते. 'त्याचं खरं मानू नको' हे मनात असलं की मुली म्हणतात, 'डोन्ट टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.' मग अर्थ उलटा झाला, म्हणजे शंका घेऊ नको, डोळे मिटून मान. 'नको' हे मिठातच आहे, पुन्हा 'डोन्ट' लावायचं नाही.

चिमूट केवढी

क्लासमध्ये टेबलावर मी दोन वाट्या ठेवते. एकीत बारीक मीठ, दुसरीत खडेमीठ. प्रत्येकीने पुढे येऊन एक चिमूट घ्यायची आणि काळ्या कागदावर सोडायची. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलेलं असतं, ते बोटांना चिकटतं, कागदावर पडतच नाही, बोटं झटकावी लागतात. पंधरा-सोळा चिमटी शेजारी शेजारी पडल्या की दिसतं, एकीची दुसरीसारखी नाही. एकीने दोन बोटांत घेतलेली असते, दुसरीने तीन. कुणाच्या आईच्या हातची सवय, कुणाची मेसमधली.

मग मी विचारते, आता या कागदावरून सांगा, कुणाच्या बोलण्याला किती मीठ. बारीक चिमूट कुणाला? लहान कफवरच्या बीपीला. यंत्र खोटं नाही, आकडा थोडा वर आहे. जास्त कुणाला? गल्लीतल्या सांगोवांगीच्या गोष्टीला. इंग्रजीतही हे माप शब्दांत सांगतात: 'अ स्मॉल पिंच', 'अ लार्ज पिंच', 'अ व्हेरी लार्ज पिंच ऑफ सॉल्ट'. मिठाचं माप वाढवलं की अविश्वास वाढतो. पण गोष्ट ठार खोटी आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर हा वाक्प्रचार वापरू नका. खोट्याला खोटं म्हणायला इंग्रजीत सरळ शब्द आहेत.

वर्तमानपत्रांत हा सर्वांत जास्त दिसतो तो निवडणुकीच्या दिवसांत. 2024 च्या लोकसभेच्या वेळी 1 जूनच्या संध्याकाळी आलेल्या एक्झिट पोलपैकी कित्येकांनी एनडीएला 350 च्या पुढे जागा दिल्या होत्या. 4 जूनला निकालात 293 निघाल्या. सरकार कोणाचं येणार ही दिशा बरोबर, आकडा फुगलेला. 'एक्झिट पोल्स शुड बी टेकन विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' याचा अर्थ एवढ्या नेमकेपणाने दाखवणारं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही. पोल सगळेच खोटे, असं ते वाक्य म्हणत नाही. आकड्यावर घर बांधू नका, एवढं म्हणतं.

कोणाशी बोलताना चालतं, कोणाशी नाही

याला मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण व्याकरणाची चूक लोक पोटात घालतात, उद्धटपणा घालत नाहीत.

तिसऱ्याबद्दल, बरोबरीच्या माणसाशी बोलताना वापरा. बोलणाऱ्याच्या तोंडावर वापरू नका. डॉक्टरांनी काही सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, 'आय विल टेक दॅट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट,' तर तुम्ही त्यांना सांगितलंत की तुमचं बोलणं भरवशाचं नाही. मित्रामित्रांत हसून खपतं. वॉर्डात नाही, ऑफिसात नाही, मुलाखतीत तर मुळीच नाही.

स्वतःच्या बोलण्यावर मात्र तो फार शोभतो. 'टेक माय ॲडव्हाइस विथ अ पिंच ऑफ सॉल्ट, आय हॅव नेव्हर वर्क्ड इन आयसीयू.' माझं ऐक, पण मी आयसीयूत काम केलेलं नाही हे लक्षात ठेव. यात नम्रता आहे आणि प्रामाणिकपणाही. नवीन जागी गेलेल्या मुलींना मी सांगते, पहिले सहा महिने हा वाक्प्रचार फक्त स्वतःबद्दल वापरा. दुसऱ्याबद्दल वापरायला तिथली माणसं ओळखीची व्हावी लागतात.

आणखी एक गैरसमज आपल्याकडे इतका पसरलाय की शिकलेली माणसंही तसंच बोलतात. कुणी टीका केली, बॉस रागावला, की समजूत घालताना म्हणतात, 'अरे, टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट यार.' त्यांना म्हणायचं असतं 'मनाला लावून घेऊ नको'. तो अर्थ यात नाही. त्यासाठी 'डोन्ट टेक इट टू हार्ट'. टीका हसत झेलायची असेल तर 'टेक इट इन गुड पार्ट'. बॉसने रागावून सांगितलेलं सोळा आणे खरं असू शकतं, तेव्हा मिठाचा तिथे काही उपयोग नाही.

'बेनिफिट ऑफ द डाउट'शीही गल्लत होते. दोन्हीकडे शंका आहे, पण तिथे शंकेचा फायदा समोरच्याला द्यायचा असतो, इथे शंका आपण आपल्याजवळ ठेवायची असते.

वॉर्डात

जो वाक्प्रचार औषधाच्या नुसख्यातून आल्याचं मानतात तो औषधाच्या जागी वापरायचा नाही, हे ऐकून मुलींना गंमत वाटते. पण मी ते अगदी गांभीर्याने सांगते. पेशंटसमोर 'टेक' आणि 'सॉल्ट' हे शब्द एका वाक्यात आणू नका. 'टेक' म्हणजे त्याच्या दृष्टीने गोळी घेणे. माझी विद्यार्थिनी शिकलेली नर्स होती आणि तिला पथ्य ऐकू आलं. म्हाताऱ्या पेशंटला, किंवा ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही त्याला, काय ऐकू येईल? ओईटी या आरोग्यसेवकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत बोलण्याच्या भागात दोन रोल-प्ले असतात, तयारीला तीन मिनिटं, बोलायला पाच. नर्सची भूमिका तुमची, समोर पेशंट किंवा नातेवाईक. तिथे वाक्प्रचार पेरून मार्क मिळतील असं कित्येक जणी धरून येतात. तिथे बघतात ते पेशंटला कळेल अशा साध्या शब्दांत तुम्ही बोलता का. इंटरनेटवर वाचलेलं घेऊन नातेवाईक आला असेल तर त्याला 'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' म्हणण्यापेक्षा 'सम ऑफ दॅट इज ट्रू, बट नॉट ऑल ऑफ इट. लेट मी एक्स्प्लेन,' हे कितीतरी बरं.

नोंदीत लिहू नका. चार्टवर कारण लिहायचं: कफ लहान होता, पेशंट हलत होता, रीडिंग पुन्हा घेतलं. पुढची पाळी ते वाचून काम करते, तिला कारण हवं असतं.

आणि दुखण्याबद्दल कधीही नाही. 'ही सेज द पेन इज टेन आउट ऑफ टेन, बट टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.' असं वाक्य मी मिरजेतही ऐकलंय, मराठीत. 'नाटकं करतोय.' ज्याला दुखतंय त्याच्या दुखण्याचं माप दुसऱ्याच्या हातात नसतं. यंत्राच्या आकड्याला मीठ लावा, पेशंटच्या वेदनेला लावू नका. एवढी एक गोष्ट तरी माझ्याकडून घेऊन जा, असं मी प्रत्येक बॅचला सांगते.

जिथे मोठी रक्कम गुंतलेली असते तिथेही हा वाक्प्रचार पुरत नाही. एका मुलीने एका एजंटला परदेशच्या नोकरीसाठी पैसे भरले, त्याने तीन महिन्यांत व्हिसा सांगितला होता, ती दीड वर्ष वाट बघत राहिली. घरी सगळे म्हणत होते, त्याचं बोलणं जरा हातचं राखून धर. अशा ठिकाणी नुसतं हातचं राखून भागत नाही. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघायचं, ऑफर लेटर हातात घ्यायचं, मग बोलायचं.

मराठीत आणताना

भाषांतर करणारे बरेच जण माझं ऐकायला येतात, त्यांच्यासाठी थोडं. 'चिमूटभर मीठ घेऊन ऐका' हे मराठीत अलीकडे छापूनही येतं. कृपा करून लिहू नका. मराठी वाचकाच्या मनात त्याने काहीच उभं राहत नाही, फार तर तिखटमीठ उभं राहतं आणि अर्थ उलटतो. आपल्याकडे आपलं आहे: 'सोळा आणे खरं मानू नका', 'त्यातलं चार आणे सोडून द्या', 'हातचं राखून विश्वास ठेवा', 'चाळून घ्या'. माणसाच्या बोलण्याबद्दल असेल तर 'त्याच्या बोलण्यातली ढलपी बाजूला काढ' असंही माझी आजी म्हणायची. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' पुष्कळ जण सुचवतात. ते जवळचं आहे पण तिथे भर करण्यावर आहे, स्वतःच्या निर्णयावर. इथे प्रश्न मानण्याचा आहे. 'कानामागे टाक' तर अजिबात नको, ते न ऐकणं झालं.

सराव

खाली प्रसंग देते. आधी स्वतः ठरवा की इथे मीठ बसतं का, आणि बसलं तर वाक्य मोठ्याने म्हणा.

घरच्यांनी फोनवर सांगितलं, ताप 104 होता. थर्मामीटर लावला नव्हता, कपाळाला हात लावून सांगितलं. इथे बसतं, सहकारी नर्सशी बोलताना. ताप आहे हे खरं, आकडा अंदाजाचा: 'देअर इज अ फीव्हर, बट टेक द नंबर विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.'

मैत्रिणीला मेट्रनने सगळ्यांसमोर झापलं, ती रडते आहे. बसत नाही. 'डोन्ट टेक इट टू हार्ट.'

व्हॉट्सॲपवर आलं की अमुक पाल्याने शुगर सात दिवसांत कायमची जाते. नाही. यातलं काही वजा करून खरं उरत नाही. 'दॅट इज नॉट ट्रू' म्हणा आणि गोळ्या चालू ठेवायला सांगा.

ज्युनिअरने विचारलं, लंडनमध्ये खोली केवढ्याला मिळते, आणि तुम्ही चार वर्षांपूर्वी राहिला होता. बसतं, स्वतःबद्दल. जुना आकडा सांगून पुढे म्हणा: 'दॅट वॉज फोर इयर्स अगो, सो टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.'

बीपीचे आजोबा सांगतात, गोळी एक दिवससुद्धा चुकवली नाही. त्यांच्यासमोर हा वाक्प्रचार तोंडातून काढायचा नाही, आणि त्यांच्या पाठीमागे तो म्हणून मोकळंही व्हायचं नाही. 'मे आय सी युअर टॅब्लेट्स, प्लीज?' म्हणायचं, पाकीट हातात घ्यायचं आणि किती गोळ्या उरल्यात ते मोजायचं.